डावीकडचा आवाज

शैलेशनं पियूषचा आवाज आणखी थोडा डावीकडे सरकवला आणि पडद्यावरचं ते छोटं गोल बटण टोकाला जाऊन अडकलं. त्याहून पुढे जागाच नव्हती. त्यानं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. दोन स्पीकरच्या मधोमध सुलक्षणा गात होती, इतकी जवळ, की ओळ सुरू होण्याआधी तिनं घेतलेला श्वासही ऐकू येत होता. आणि पियूष पार भिंतीपाशी, शेजारच्या खोलीत उभं राहून कुणी गावं तसा.

“अजून मागे,” तो स्वतःशीच म्हणाला, आणि त्यानं पियूषच्या आवाजावरचा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, वाढवला.

कोरडा आवाज कानाशी येऊन बोलतो. त्यावर घुमारा चढवत नेला की तोच आवाज मागे मागे जायला लागतो, शब्दांच्या कडा विरघळतात, आणि शेवटी कुणीतरी काहीतरी गातंय एवढंच उरतं. शैलेशनं त्यासाठी एका भल्यामोठ्या रिकाम्या हॉलचा घुमारा निवडला होता. पियूष एका बाजूला गेल्यावर उजवी बाजू ओकीबोकी वाटायला लागली, म्हणून त्याच्या प्रत्येक ओळीचा पडसाद त्यानं किंचित उशिरानं आणि बराच हळू, उजवीकडे सोडला. काम म्हणून ते चोख होतं. कुणी विचारलं असतं तर त्याच्यापाशी कारणही तयार होतं. गाणं होतं घरी उशिरा परतलेल्या नवऱ्याचं आणि आत वाट बघणाऱ्या बायकोचं.

उशीर झाला, दिवा कशाला जागा अजून घरी?
दार लोटले नुसते आहे, कडी न घातली परी.

पहिली ओळ त्याची, दुसरी तिची. तो दाराबाहेर आहे, म्हणून लांब. इतकं सरळ.

दारावर थाप पडली. फुलाबाई दुधाचं भांडं घेऊन उभ्या होत्या. घर त्यांचंच. नेरे गावातल्या त्यांच्या नव्या घराचा तळमजला शैलेश आणि सुलक्षणानं भाड्यानं घेतला होता, आणि मागच्या खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकून शैलेशनं तिथं स्टुडिओ केला होता. पाच दिवस हिंजवडीतली कंपनी, उरलेल्या दोन दिवसांत ही खोली.

“ह्यो गडी कोन गातोय?” फुलाबाईंनी आत डोकावत विचारलं.

“जुनं रेकॉर्डिंग आहे.”

“बाईंच्या आवाजाला लई जुळतोय बगा. जनू जोडीच.” त्यांनी भांडं पुढे केलं. “दूध लगीच तापवा. उन्हाचं नासतंय.”

शैलेशनं भांडं घेतलं. नेहमीसारखं दोन शब्द बोलायचं राहून गेलं. दार लावून तो परत खुर्चीत बसला आणि त्यानं उजवीकडचा पडसादही आणखी थोडा उतरवला.

पियूष म्हणजे सुलक्षणाचा पहिला नवरा, आणि शैलेशचा मित्र. दोघं एकाच कंपनीत कामाला होते. पियूष परभणीचा, शैलेश बार्शीचा. कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात एक स्टेजवर गात होता, दुसरा खाली मिक्सरपाशी बसून त्याचा आवाज सांभाळत होता, तिथून मैत्री सुरू झाली. पियूष आणि सुलक्षणाचे कार्यक्रम व्हायचे तेव्हा केबल गुंडाळत मागे थांबणारा शैलेशच असायचा. हे गाणंही त्यानंच करायला घेतलं होतं. पियूषच्या ओळी झाल्या, सुलक्षणाच्या पुढच्या रविवारी करायच्या ठरल्या, आणि त्या आठवड्यात पौड रस्त्यावर पियूषची मोटारसायकल घसरली. त्याला आता चार वर्षं झाली होती. शैलेश आणि सुलक्षणाच्या लग्नाला दोन.

ते लग्नही व्हावं म्हणून धरून बसले होते ते जनार्दनकाका, पियूषचे वडील. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन परभणीलाच राहिले. सुनेला त्यांनी माहेरी एकटी बसू दिलं नाही. ते स्वतः शैलेशकडे आले, त्याचा हात धरून म्हणाले, “तू भला माणूस हायेस. माझ्या लेकराला सांभाळ.” रजिस्टर लग्नात साक्षीदार म्हणून सही त्यांचीच होती. त्यामुळे फेब्रुवारीत त्यांचा फोन आला तेव्हा शैलेशला नको म्हणणं जमलं नाही.

“ते अर्धं गाणं हाय ना रे तुझ्याकडं? सुलक्षणा तिचं गाईल का? पुण्यतिथीला लावावं म्हणतो. शारदाचा लई जीव हाय त्यात.”

शारदा म्हणजे काकू. शैलेशनं फोन सुलक्षणाकडे दिला. त्याला वाटलं होतं ती वेळ मागेल, निदान त्याच्याकडे एकदा बघेल. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली,

“हो बाबा. गाईन.”

लग्न झाल्यापासून सुलक्षणा गायली नव्हती. गाणं तर सोडाच, भांडी लावताना गुणगुणलीही नव्हती. सुरुवातीला शैलेशनं दोन-तीनदा विषय काढला. “सवय गेली,” ती म्हणायची. तिनं वाकडजवळच्या एका शाळेत नोकरी धरली, संध्याकाळी पेपर तपासत बसायची, आणि मागच्या खोलीत दुसऱ्यांची गाणी सुरू असली तर दार ओढून घ्यायची. शैलेशनं मनाची समजूत घातली होती, की गाणं पियूषबरोबर गेलं, संपलं. त्याच्या वाट्याला आली ती न गाणारी सुलक्षणा. आता एका फोनवर ती ‘गाईन’ म्हणाली होती.

रेकॉर्डिंगच्या रविवारी तिनं केस घट्ट बांधले, खोलीत आली आणि माइकची उंची स्वतःच नीट केली. हेडफोन कानावर चढवताना म्हणाली,

“त्याचा आवाज नको मला यात. पेटी आणि तबला पुरे.”

शैलेशनं मान हलवली आणि पियूषचा आवाज बंद केला. त्याला वाटलं, सहन होणार नाही म्हणून. एवढं असेल तर अजून काय काय असेल. तो पडद्याकडे बघत राहिला. सुलक्षणानं सगळ्या ओळी एका दमात गायल्या. कुठं अडखळली नाही. शेवटच्या ‘कडी न घातली परी’वर तिनं आवाज इतका हलका सोडला, की शैलेशचा हात माउसवर तसाच राहिला. हा आवाज त्याच्या घरात दोन वर्षं होता. शेजारच्या उशीवर होता. त्याच्यासाठी तो एकदाही बाहेर आला नव्हता.

“झालं?” तिनं विचारलं.

“झालं. चांगलं झालं.”

“मग मी भाकरी टाकते,” म्हणून ती निघून गेली.

त्यानंतरचे सगळे शनिवार-रविवार शैलेश पियूषबरोबर होता. मिक्सिंग म्हणजे एकच आवाज शंभरदा ऐकणं. पियूषचा ‘स’ जरा टोचायचा, खालच्या पट्टीत तो किंचित घसरायचा, हे शैलेशला पूर्वीपासून माहीत होतं. आता तो त्या जागा शोधून काढून पुन्हा पुन्हा ऐकायला लागला. पण त्यानं फार समाधान होईना. आवाज गोडच होता. तो बत्तीस वर्षांचाच राहिला होता. शैलेशचे केस कपाळावरून मागे हटायला लागले होते, आणि पायऱ्या चढल्यावर त्याला दम लागायचा.

एका जागी, दोन कडव्यांच्या मध्ये, पियूष बोललाही होता. तेव्हा सुलक्षणा माइकसमोर त्याच्या शेजारीच उभी होती. पेटीच्या सुरांवरून त्याचा आवाज यायचा, “सुलू, हसू नकोस.”

शैलेशनं तेवढा तुकडा पहिल्याच दिवशी कापला. गाण्यात बोलणं नको असतं, हे खरंच होतं. पण कापण्याआधी त्यानं तो बऱ्याचदा ऐकला. सुलू. लग्नानंतर एकदा, पहिल्याच आठवड्यात, त्यानंही तिला तशी हाक मारली होती. गॅसवरच्या कढईतून नजर न काढता ती म्हणाली होती, “सुलक्षणाच म्हण.” त्यानं परत कधी तसं म्हटलं नाही. ती हाक दुसऱ्याच्या नावावर केलेली आहे हे त्याला तेव्हाच कळलं होतं, आणि आता तीच हाक त्याच्या स्वतःच्या स्पीकरमधून येत होती. ती हसत होती म्हणे. कशाला हसत होती? त्या दिवशी शैलेशही तिथंच, याच पडद्यासमोर बसला होता. त्याला तिचं हसणं आठवत नव्हतं.

मग पियूष थोडा डावीकडे गेला. मग थोडा मागे. दर आठवड्याला थोडा. प्रत्येक वेळी शैलेश स्पीकरसमोर डोळे मिटून बसायचा आणि स्वतःला विचारायचा, गाणं बिघडलं का? बिघडत नव्हतं, हीच तर मजा होती. उलट सुलक्षणाचा आवाज मोकळा व्हायचा. ती एकटी, मध्यभागी, त्याच्या अगदी समोर उभी राहायची. तिनं मिक्स ऐकायला मागितलं नाही. त्यानंही बोलावलं नाही.

जनार्दनकाका सीडी न्यायला स्वतः आले. पोस्टानं पाठवतो म्हटलं तर म्हणाले, लेकीलाही बघतो. रात्रीची एसटी पकडून सकाळी उतरले; शैलेश जुन्या मारुतीतून त्यांना शिवाजीनगरहून घेऊन आला. धोतर-सदरा, पिशवीत काकूंनी दिलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या. सुलक्षणा पाया पडली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

“बारीक झालीस.”

“काही नाही बाबा. तुम्ही दर वेळी तेच म्हणता.”

समोरच्या शेतात बिल्डिंगचा पाया खणत होते. जेसीबीची घरघर गाद्या ठोकलेल्या खोलीतही येत होती, म्हणून शैलेशनं काकांना खुर्चीत बसवून हेडफोन लावून दिला. सुलक्षणा स्वयंपाकघरात होती. शैलेशनं गाणं सुरू केलं आणि तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. काकांच्या पाठीकडे त्याला बघवेना, दुसरीकडेही बघता येईना.

काका मांडीवर बोटांनी ठेका धरत होते. मध्येच बोटं थांबली. त्यांनी मान एका बाजूला कलती केली, हेडफोन हातानं कानावर दाबून धरला आणि डोळे बारीक केले, लांबच्या गाडीवरची पाटी वाचावी तसे. गाणं संपेपर्यंत ते तसेच बसून होते.

“छान झालं,” ते म्हणाले. त्यांनी हेडफोन काढून दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला. “सुलक्षणा लई छान गायली. पियूष जरा लांबून यायलाय.”

“ते गाण्यात तसं आहे काका. तो बाहेर उभा आहे ना दाराच्या.”

“व्हय का?” त्यांनी विचार केला. “असू दे. आता तो लांबच हाय.”

शैलेशनं सीडी पाकिटात घालून दिली. काकांनी ती पिशवीत, धुतलेल्या टॉवेलच्या घडीत ठेवली.

जेवायला ते तिघं स्वयंपाकघरातच खाली बसले. काका आणि सुलक्षणा समोरासमोर, शैलेश काकांच्या डाव्या हाताला. वांग्याची भाजी काकांना आवडते म्हणून तिनं मुद्दाम केली होती.

“काका, भाजी घ्या अजून,” शैलेश म्हणाला.

काका भाकरी कुस्करत राहिले.

“काका, भाजी.”

“उजवीकडून बोल,” सुलक्षणा सहज म्हणाली. “त्या कानानं बाबांना काही ऐकू येत नाही. कधीपासूनच.”

तेव्हा काकांनी वर बघितलं. “काय म्हणायलाय तो?”

“भाजी वाढू का म्हणतोय.”

“वाढ की!” ते हसले. त्यांनी शैलेशकडे मान वळवून डाव्या कानावर चापट मारली. “ह्याचं काही खरं न्हाई. एसटीचं एंजिन डाव्या हाताला असायचं बघ, बॉनेटखाली. सगळी नोकरी त्याच्या शेजारी बसून काढली. हा कान एंजिनानं खाल्ला.”

शैलेशच्या हातातला चमचा भाजीच्या पातेल्यात तसाच राहिला. डावीकडचं काहीही त्यांच्यापर्यंत गेलं नव्हतं. पियूष पूर्णपणे डावीकडे होता. काकांनी ऐकला तो उजवीकडे सोडलेला पडसाद, त्यानं उतरवून उतरवून ठेवलेला, शब्द न कळणारा. मुलाच्या गाण्यातला मुलगा त्यांना ऐकूच आला नव्हता, आणि ते छान झालं म्हणाले होते.

त्यानं भाजी वाढली. स्वतःच्या ताटातला घास तोंडात घातला आणि तो चावत राहिला. काहीच करायची गरज नव्हती. काका खूश होते, सीडी पिशवीत होती, संध्याकाळच्या आत त्यांना स्टँडवर सोडायचं होतं. त्यांच्या गावी कुणाला काय कळणार? लोक स्पीकरवर ऐकतील, लांब का होईना, पियूष ऐकू येईल. आणि तो परत मध्यभागी आला तर तिच्या शेजारी येऊन उभा राहील, खांद्याला खांदा लावून, कायमचा. शैलेश पाणी प्यायला.

“शारदाला सांगून ठेवतो,” काका सुलक्षणाला म्हणत होते. “नीट कान देऊन ऐक म्हणावं. न्हाईतर म्हणायची, माझं लेकरू कुठाय ह्याच्यात?”

शैलेश ताटावरून उठला.

“काय झालं?” सुलक्षणानं विचारलं.

“एक राहिलंय. काका, ती सीडी द्या माझ्याकडे. चुकीची दिली मी.”

हात धुऊन तो खोलीत गेला. दार लावलं. पियूषचा आवाज धरून त्यानं डाव्या टोकापासून ओढायला सुरुवात केली. रिव्हर्ब उतरवला. हॉल लहान होत होत नाहीसा झाला. पडसाद बंद केला. पियूष पुढे आला, आणखी पुढे, आणि सुलक्षणाच्या जागीच येऊन थांबला. चार वर्षांपूर्वीचा आवाज आणि गेल्या महिन्यातला आवाज एकमेकांत असे बसले, की मध्ये केसही शिरू नये. फुलाबाई म्हणाल्या होत्या तसंच होतं ते. शैलेशनं गाणं पूर्ण ऐकलं. ऐकणं भागच होतं. काम तपासल्याशिवाय द्यायचं कसं?

मग त्यानं कापून ठेवलेला तो तुकडा शोधला आणि दोन कडव्यांच्या मध्ये, होता तिथं परत बसवला. ते का केलं हे त्याला सांगता आलं नसतं. एकदा द्यायचंच तर सगळं द्यावं, असं काहीसं.

काका पुन्हा खुर्चीत बसले. या वेळी गाणं सुरू होताच त्यांचे दोन्ही हात मांडीवर आडवे पडले. त्यांनी ठेका धरला नाही, मान कलती केली नाही. दोन कडव्यांच्या मध्ये ते ताडकन सरळ झाले.

“बोलला!” ते मोठ्यानं म्हणाले. कानावर हेडफोन असल्यानं त्यांचा आवाज चढला होता. “अरे, बोलला तो! मागं घे. मागं घे जरा.”

शैलेशनं मागे घेतलं.

“पुन्हा.”

त्यानं पुन्हा घेतलं. काकांनी हेडफोन उतरवला. डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

“गाणी तर लई हायेत त्याची आमच्याकडं. कॅसेटी हायेत. बोलणं न्हाई कुठंच. शारदा रोज म्हणायची, बोलायचा कसा ते विसरायले मी.” ते दाराकडे वळले. “सुलक्षणा! ये लेकरा, इकडं ये. मोठ्यानं लाव रे, तिलाही ऐकू दे.”

सुलक्षणा हात पुसत दारात आली. शैलेशनं स्पीकर सुरू केले. “सुलू, हसू नकोस,” पियूष म्हणाला. खोलीच्या मधोमध, चौघांतला एक असल्यासारखा.

सुलक्षणाच्या चेहऱ्यावरचं सगळं जागच्या जागी थांबलं. तिनं हातातल्या फडक्याची घडी केली, ती उलगडली, पुन्हा केली. मग काकांकडे बघून हसल्यासारखं केलं, “हो बाबा, त्याचाच आवाज,” म्हणाली आणि आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला.

अजून इतकं, शैलेशला वाटलं. अजून एका शब्दानं इतकं होतं तिला. त्यानं नवी सीडी केली, पाकिटावर पेननं गाण्याचं नाव लिहिलं आणि काकांच्या हातात दिली. जुनी ड्रॉवरमध्ये टाकली.

दुपार उतरताना दोघांनी काकांना स्टँडवर सोडलं. एसटीत खिडकीशी बसेपर्यंत त्यांनी पिशवी छातीशी धरली होती. गाडी हलायच्या आधी त्यांनी शैलेशला जवळ बोलावलं आणि उजवा कान पुढे केला. “सावकाश जा काका,” एवढंच तो म्हणाला.

परतताना हिंजवडी मागे पडली. मारुंजीच्या रस्त्याला लागल्यावर सुलक्षणानं काच खाली केली.

“बाबांना तू दुसरी सीडी दिलीस.”

“हो.”

“पहिली कुठाय?”

“आहे ड्रॉवरमध्ये. टाकून देणार आहे.”

“टाकू नकोस. मला हवीय ती.”

शैलेशनं गिअर बदलला. “त्यात तो नीट ऐकू येत नाही.”

“माहीत आहे. मी ऐकलंय ते. गुरुवारी मला सुट्टी होती, तू ऑफिसात होतास.” ती बाहेर बघत होती. अर्ध्या कापलेल्या उसाची शेतं आणि त्यांच्यात उभे राहिलेले सिमेंटचे खांब मागे जात होते. “मी तीन-चारदा लावलं. मी अशी गाते हे मला कधी कळलंच नव्हतं.”

“मग बोलली नाहीस.”

“काय बोलणार?” वाऱ्यानं उडणारे केस तिनं कानामागे सारले. “मला वाटलं, तुला सगळं माहीतच असणार. तू तेव्हा आमच्याबरोबर असायचास ना. प्रत्येक कार्यक्रमाला. म्हणून तू त्याला इतकं लांब नेऊन उभं केलंस. माझ्यासाठी.”

समोरून वाळूचा ट्रक येत होता. शैलेशनं गाडी कडेला दाबून त्याला वाट दिली. ट्रक जाईपर्यंत त्याला सवड होती. ‘हं’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. दोन वर्षांत तिनं पहिल्यांदा त्याच्या पदरात काहीतरी घातलं होतं, आणि ते तसंच ठेवून घ्यायला त्याचा जीव आसुसला होता.

“नाही,” तो म्हणाला. “मला काही माहीत नव्हतं. मला त्याचा हेवा वाटत होता. म्हणून ढकलला लांब.”

“पियूषचा?”

“हो.”

“आता? इतक्या वर्षांनी?”

“आज दुपारीसुद्धा. तू आत निघून गेलीस तेव्हा.”

सुलक्षणा त्याच्याकडे बघत राहिली. मग ती हसली. आधी नुसतं नाकातून, मग तोंडावर हात धरून, मग हात काढून. हसता हसता तिचे डोळे भरले आणि तिनं ते पदरानं टिपले.

“गाडी बाजूला घे,” ती म्हणाली.

रस्त्याला लागून एक रसवंती होती, वर हिरवं कापड, आत दोन बाकडी. सुलक्षणा आधी उतरली, एका बाकावर जाऊन बसली आणि बिनबर्फाचे दोन रस सांगितले. शैलेश समोर बसला. चरकात ऊस कडकडत होता. ती तो थांबेपर्यंत थांबली.

“तो वाईट नव्हता,” ती म्हणाली. “माझ्याशी कधी वाकडं बोलला नाही. फक्त फार जवळ उभा राहायचा. मी तोंड उघडलं की आधी त्याच्याकडे बघायचं. त्याला हवं तसं झालं तर ठीक. कसं उभं राहायचं, कुठं हसायचं, कुठं नाही.” तिनं ग्लास हातात घेतला, तोंडाला लावला नाही. “चिंचवडच्या कार्यक्रमात एकदा गाताना मला आपसूक एक हरकत सुचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू होतास.”

शैलेशला टाळ्या आठवत होत्या.

“घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. पुढच्या कार्यक्रमात ती जागाच काढून टाकली. म्हणाला, तिथं मी घेतो.” तिनं ग्लासाच्या काठावरचा फेस बोटानं पुसला. “तो गेल्यावर सगळे म्हणायचे, गात जा, त्याला बरं वाटेल. कुणाला काय सांगायचं? आणि मग तू. तुझे कान तर त्याच्याहून तयार. म्हटलं, आपण गायचंच नाही. मग प्रश्नच नाही.”

तिनं रसाचा एक घोट घेतला आणि ती पुन्हा बोलायला लागली, आता कुणाला उद्देशून नसल्यासारखी. साताऱ्याच्या घराबद्दल, लग्नाआधी गच्चीवर एकटीच गायची त्याबद्दल, तेव्हाच्या एका गाण्याबद्दल, ज्याचं पहिलं कडवं तिला आठवत होतं आणि दुसरं नव्हतं. आठवत होतं ते तिनं म्हणूनही दाखवलं, अगदी हळू, चरकाकडे बघत.

रसवंतीवाला येऊन रिकामे ग्लास उचलायला लागला. “अजून देऊ का सायेब?”

शैलेशनं बोटांनीच दोन दाखवली. तोंडानं बोललो तर ती थांबेल, अशी त्याला भीती वाटली.